बाबलीचं घर माझ्या नावावर

पैज लागली हौसाबायच्या चहाच्या टपरीत, चैत्रातल्या एका दुपारी. बाबली नेहमीच्या बाकावर बसला होता. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशीकडेच बघत म्हणाला, "घर विकतंय."

दाराशी शिवा जाळं सांधत बसला होता. त्याची सुई थांबली.

"खंयचां घर?" हौसाबायनं विचारलं.

"माझां. दुसऱ्याचां कसां विकतलंय?"

हे ऐकलं आणि माझा चहा नाकात गेला. मला हसू का आलं ते पुढं सांगतो, आत्ताच सांगितलं तर मजा जाईल.

"तुझां घर विकाचां नाय," मी नाक पुसत म्हटलं. "निदान शेवटची आगबोट जाईसर तरी नाय."

"कशाक नाय?"

"माका वाटता."

"वाटता तर पैज लाव," हौसाबाय म्हणाली. "नुसत्या वाटण्यार चाय मिळणा नाय हयसर."

आमच्याकडे मे महिना सरत आला की मुंबईची शेवटची आगबोट सुटते. मग पाऊस संपेपर्यंत बंदर बंद. बाबलीला त्याच बोटीनं मुंबईला जायचं होतं, त्याची लेक हिरा तिकडे दिलेली होती. म्हणून मुदत तीच ठरली. तोवर घर विकलं गेलं नाही तर हौसाबायनं मला पावसाळाभर चहा फुकट द्यायचा, भज्यांसकट. आणि विकलं गेलं तर मी काय करायचं, ते शिवानं सुचवलं.

"बंदरार उभो रवान कोंब्यासारखो आरवाचां. तीन वेळा. बोटीच्या लोकांदेखत."

टपरीभर हशा झाला. बाबलीसुद्धा हसला. कारण माझं आरवणं सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि बाबलीला सगळ्यांहून जास्त.

बाबली आणि मी एकाच वर्षी जन्मलेले. एकोणीसशे एकसष्ट साल होतं ते, दोघंही पन्नाशीला टेकलेले. त्याचं घर किनाऱ्याच्या अंगाला, माझं मागे बावीजवळ, म्हणजे विहिरीजवळ, आणि मधे कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. बारा वर्षांचा असल्यापासून मी कोंबड्यासारखा आरवतो. असा आरवतो की खरा कोंबडा वळून बघतो. बाबली पहाटे कोंबड्याच्या भरवशावर होडी काढायचा. मी मनात आलं की तासभर आधीच आरवायचो. तो धडपडत उठायचा, वल्हं खांद्यावर टाकून वाळूत जाऊन उभा राहायचा. वर बघतो तर चांदण्या अजून जागच्या हललेल्या नाहीत. मग तेच वल्हं उगारत तो माझ्या दाराशी यायचा.

दुसरी माझी खोड वहाणांची. त्याच्या वहाणा दाराबाहेर असायच्या. मी येताजाता त्या उचलून दुसरीकडे ठेवायचो. कधी तुळशीमागे, कधी बावीच्या कठड्यावर, एकदा तर पडवीच्या कवलांवर. तो बाहेर यायचा, बघायचा आणि गडग्याच्या दिशेनं शिव्या सुरू करायचा. माझ्या बापापासून सुरुवात करून तो पार आमच्या मूळ पुरुषापर्यंत जायचा.

त्या शिव्या मला हव्या असायच्या. माझी बायको विमला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. चूल सकाळी एकदा पेटवायची, दोन वेळचं करून ठेवायचं. दिवसभरात माझं नाव घेऊन कोणी काही बोललंच, तर तो बाबलीच. तोही एकटाच होता. त्याची बायको नर्मदा माझ्या विमलेच्या आधी गेली. आम्ही दोन एकटे मधे गडगा ठेवून राहत होतो आणि त्याला एकटं म्हणत नव्हतो.

आता त्या हसण्याचं सांगतो.

दहा वर्षांपूर्वी माझा बाप वारला तेव्हा वारसाची नोंद करायला मी तलाठ्याकडे गेलो होतो. त्यानं सातबाराचा उतारा काढून दिला. मी वाचला आणि परत वाचला. आमच्या दोन घरांखालच्या जमिनीचे दोन हिस्से आहेत. हिस्सा एक बावीकडचा, त्यावर माझं घर. हिस्सा दोन समुद्राकडचा, त्यावर बाबलीचं घर. पण कागदावर हिस्सा दोनला नाव माझ्या बापाचं होतं आणि हिस्सा एकला बाबलीच्या बापाचं.

आईला विचारलं तेव्हा उलगडलं. आम्ही दोघं पाळण्यात होतो तेव्हा बाबलीच्या बापानं मोठी होडी केली. ती ओढायला त्याला किनाऱ्याकडची जागा हवी होती. माझ्या बापाला बाव जवळ हवी होती. दोघांनी जागा बदलल्या. देवचाराच्या दगडासमोर नारळ फोडला, कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं आणि घरं बांधली. देवचार म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार. त्याच्यासमोर बोललेला शब्द कोणी फिरवत नाही, म्हणून मग कागद करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. देवचार साक्षीला होता, पण तो तलाठ्याकडे जाऊन सांगणार थोडाच.

म्हणजे कागदाच्या हिशेबानं बाबली माझ्या जमिनीवर राहत होता आणि मी त्याच्या. अशी थट्टा माणसाला जन्मात एकदा मिळते. मी ती दहा वर्षं कोणाला न सांगता जपून ठेवली होती. बाबलीला नेमकी कधी सांगायची, तेव्हा तो कसं तोंड करील, हे मी रोज अंथरुणावर पडून ठरवायचो.

घर घ्यायला आले ते रामचंद्र मास्तर. कुडाळच्या शाळेतून निवृत्त झालेले, दम्याचे, डॉक्टरनं समुद्राची हवा सांगितलेली. सरळ माणूस, पण सगळं वहीत लिहून घेणारा. अशा माणसाला बघून माझे हात शिवशिवतात. हौसाबायच्या टपरीत बसून मी त्यांचा सल्लागार झालो.

"मास्तर, बाबलीच्या बहिणीचां विचारलात?"

"बहीण आहे?"

"तुळसा. शिरोड्याक दिलेली. ह्यांचो बापूस वारलो अठ्ठावन्न साली. नवो कायदो आधीच इलेलो. लेकीचोय वाटो इलो."

मास्तरांनी लिहिलं. मला वाटलं, आता महिनाभर तरी बहीण-भावाची जुंपेल. तुळसा चौथ्या दिवशी एस्टीनं आली, हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला आणि बदल्यात आईचा रगडा तेवढा मागितला. तो दगडी रगडा एस्टीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं. पण तुळसा भांडली नाही. बाबलीचा हात धरून बराच वेळ उभी राहिली. मला तेव्हा ते काही वेगळं वाटलं नाही.

"बावीचां काय मास्तर? बाव माझ्या आवारात. पाणी भरूचो हक्क कागदात व्हयो."

लिहिलं.

"वाट माझ्या खळ्यातसून जाता."

लिहिलं.

"माड मोजलात? सहा आसत. समुद्राकडचो वाकडो माड माझ्या बापाशीन लावलेलो."

"मग तो कुणाचा?"

"ताच तर," मी म्हटलं.

शेवटी मी देवचार काढला. घर घेणाऱ्यानं दरवर्षी देवचाराला एक कोंबडा द्यायचा, हे खरेदीखतात लिहिणार का, असं विचारलं. मला वाटलं हा शहाणा माणूस आता तरी पळेल. मास्तरांनी चष्मा वर केला, विचार केला आणि लिहिलं : कलम आठ, देवचार, वार्षिक कोंबडा एक. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "काशीराम, तुम्ही फार उपयोगी माणूस आहात."

हौसाबाय आतून हसत होती. मी माझ्याच तोंडानं पैज हरत चाललो होतो.

पण मला काळजी नव्हती. हुकमाचं पान खिशात होतं.

दस्त लिहिणारे तात्या मालवणात कचेरीच्या समोरच्या ओट्यावर बसायचे. मे महिना अर्धा झाला होता. मास्तर, बाबली आणि मी तिघं गेलो. तात्यांनी तलाठ्याचा उतारा आणि नकाशा पुढ्यात पसरला आणि टाक उचलला.

"चतुःसीमा सांगा. घराच्या पूर्वेला?"

"काशी," बाबली म्हणाला.

"काशी म्हणजे गाव?"

"ह्यो. ह्येचां घर."

"पश्चिमेला?"

"समुद्र."

तात्यांनी नकाशा जवळ ओढला. "तुमच्या नावाचा हिस्सा एक. एकच्या पश्चिमेला हिस्सा दोन आहे. समुद्र दोनच्या पलीकडे. तुमच्या घरामागे समुद्र कसा येईल?"

आला होता तो क्षण. दहा वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य मी काढलं.

"बाबली, पन्नास वर्सांचां भाडां काढ. तू माझ्या जमनीर ऱ्हवतस."

आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो, कारण ते मी तसंच ठरवलं होतं. बाजूच्या ओट्यावर एक बाई मुद्रांक घ्यायला थांबली होती, ती वळून बघायला लागली. मास्तरांनी वही मिटली. तात्यांचा टाक दौतीत तसाच राहिला. बाबलीनं माझ्याकडे तोंड फिरवलं, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी होती.

"तुका ठाऊक होतां?"

"धा वर्सां."

"धा वर्सां गप रवलस?"

"सांगलंय असतंय तर थट्टा नासली असती."

एक शिवी नाही. त्याच्या तोंडून शिवी न येण्याची मला सवय नव्हती.

देवचारासमोरची ती हकिगत मी सांगितली तेव्हा तात्यांनी चष्म्याआडून मला नीट बघून घेतलं आणि मास्तरांना समजावलं. नुसत्या तोंडी बोलण्यावर जमीन बदलत नाही, ती रजिस्टर कागदानंच बदलते. वहिवाट पन्नास वर्षांची आहे, कोर्टात गेलात तर कोर्ट मालकी देईलही, पण कधी देईल ते कोर्टालासुद्धा ठाऊक नसतं. दुसरी वाट सोपी. दोघांनी राजीखुशीनं अदलाबदलीचा दस्त करायचा, हिस्सा दोन बाबलीच्या नावावर आला की त्याच दिवशी खरेदीखत होईल.

"मात्र त्या दस्तावर काशीराम यांची सही पाहिजे," तात्या म्हणाले. "ती मिळाली तर चार दिवसांचं काम."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले.

"बघूया," मी म्हटलं. "सध्या बोट दुखता माझां."

परतीच्या वाटेवर मास्तर बाजारात थांबले. आम्ही दोघं किनाऱ्याच्या वाटेनं निघालो. मी मागे रेंगाळत होतो, तर बाबली थांबला.

"तू फुडे चल."

"कित्याक?"

"फुडे चल आणि बडबडत चल. तू गप रवलस काय वाट सरणा नाय."

मला वाटलं, राग गेला. म्हणून मी घरापर्यंत बडबडत गेलो आणि तो माझ्या मागून पावलावर पाऊल टाकत आला.

पुढचे दिवस मी सही टाळत गेलो. एकदा अमावास्या होती. एकदा मी अंगठ्याला फडकं गुंडाळून बसलो. एकदा मास्तर कुडाळहून मुद्दाम आले तर मी माडावर चढून बसलो आणि नारळ पिकले नाहीत असं वरून सांगितलं. मास्तर खाली तासभर उभे होते, खोकत. दोनदा त्यांनी वर बघून विचारलं, "काशीराम, तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?" माझ्याकडे म्हणणं नव्हतं. नेमकं तर नव्हतंच.

बाबलीनं मात्र एकदाही विचारलं नाही. तो गडग्याकडे येईनासा झाला. मी पहाटे आरवलो तर त्याच्याकडून दाराची कडीसुद्धा वाजली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेल्या दिवाळीनंतर त्याची होडी पाण्यात गेलेलीच नव्हती. उन्हानं तिच्या फळ्या उकलल्या होत्या. रोज डोळ्यांसमोर असून मी ते बघितलं नव्हतं.

हौसाबायनं एक दिवस चहाचा कप पुढं ठेवला आणि पैसे परत सारले.

"पैज सोडतंय मी. चाय आजपासून फुकट. सही कर."

"पैजेचां नाय गो."

"ठाऊक आसा माका कशाचां ता. तो गेलो काय तू कोणाक आरवतलस, ताच ना?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

त्याच दुपारची गोष्ट. ऊन इतकं की वाळू पांढरी दिसत होती. बाबलीच्या दाराबाहेर वहाणा होत्या. मनात म्हटलं, शिव्या तरी खाऊ. गडगा ओलांडला, वहाणा उचलल्या आणि या वेळी लपवल्याही नाहीत. सरळ अंगणातल्या खळ्याच्या मधोमध ठेवल्या, शेणानं सारवलेल्या साफ जमिनीवर, डोळ्यात भरतील अशा. आणि आंब्याला टेकून उभा राहिलो.

बाबली बाहेर आला. पायानं उंबऱ्याखाली चाचपलं. डावीकडे, उजवीकडे. मग खाली बसला आणि हातानं चाचपलं. मग गुडघ्यावर आला आणि रांगत निघाला. तुळशीमागे हात घालून बघितलं. पायरीखाली बघितलं. वहाणा त्याच्यापासून चार हातांवर उन्हात पडल्या होत्या, आणि तो त्यांच्या बाजूनं रांगत पुढं गेला.

मी हसलो नाही, आणि हललोही नाही.

मग तो थांबला. नाक वर केलं.

"काशी, तुझ्या विडीचो वास येता. खंय ठेवलस, सांग मरे."

मी जाऊन वहाणा त्याच्या पायात घातल्या. त्याच्या बाजूला जमिनीवर बसलो.

"कदीपासून?"

"एक डोळो गेल्या वर्सा शिमग्याक गेलो. दुसऱ्यान उजेड तेवढो कळता. वेंगुर्ल्याच्या डाक्टरान सांगलान, गेलो तो काय परत येवचो नाय."

"माका सांगूक नाय."

"तुका सांगलंय असतंय तर तू व्हाणा लपवूचे बंद केले असतंस."

मी त्याच्या वहाणेचा पट्टा नीट बसवला.

"तुळसेक कळलां, हात धरल्यान तेवढ्यान," तो म्हणाला. "हौसाबायक कळलां. तुका कळूचां नव्हतां माका. सकाळी उठान व्हाणा शोधतंय, तुका गाळी घालतंय. नायतर दीसभर माझ्याकडे दुसरां काय काम आसा?"

आंब्यावरून एक कैरी पडली. आवाजाच्या दिशेला त्यानं बरोबर मान वळवली.

"मग हयच रव. मी आसय ना बाजूक."

"तू व्हाणा घालूक येतलस रोज?"

"येतलंय."

"आणि जेवण? आणि न्हाणी? आणि पावसात बावीर?" तो हसला. "तू माझो हात धरतलस आणि मी तुझो उपकार मानतलंय. मगे गाळी कशी घालू?"

मी पडलेली कैरी उचलून पुसत बसलो.

"हिरा बोलावता," तो म्हणाला. "पण जावयाच्या दारात हात हालवीत जावचंय नाय मी. तिच्या चाळीत खाली एक खोली आसा. घर विकलां तर ती खोली माझी. हिरा वरसून जेवण देयत, पण दार माझां, कडी माझी. बोट चुकली तर खोली दुसरो घेतलो. असां आसा बघ. तुका थट्टा करूची आसा तर कर, पण सही करून कर."

चौथ्या दिवशी आम्ही कचेरीत होतो. दुय्यम निबंधक साहेब तरुण होते, घाटावरचे. कचेरीत शिरलं की आमची भाषा इस्त्री मारून घेते. साहेबांनी विचारलं, "हा अदलाबदलीचा दस्त राजीखुशीने करता ना? कोणाचा दबाव?"

"होय साहेब, राजीखुशीने," मी म्हटलं. "अदलाबदल आमच्या वडिलांनी केली. आम्ही फक्त नोंदवायला आलो. जरा उशीर झाला."

"किती?"

"पन्नास वर्षं."

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. बाबलीला दिसत नाही हे कळल्यावर त्यांनी नियमाप्रमाणं दोन्ही दस्त शब्दन्‌शब्द मोठ्यानं वाचायला लावले. तात्या वाचत गेले. बावीचं पाणी, खळ्यातली वाट, सहा माड. वाकडा माड बाबलीच्या हिश्शात, असं मीच घालायला सांगितलं होतं. देवचाराचं कलम आलं तेव्हा साहेब थांबवून म्हणाले, "हे काय आहे?"

मास्तर खोकून म्हणाले, "ते राहू द्या साहेब. मी कबूल आहे."

बाबली सही करू शकायचा. त्यानं टाक मागितला. कागदावर जागा कुठं आहे ते कळेना, म्हणून मी त्याचं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं. त्यानं हळूहळू नाव लिहिलं. शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं.

"नीट इली काय रे?"

"माझ्यापेक्षा बरी," मी म्हटलं. माझी खरंच रेघ सोडून वर चढली होती.

मास्तर दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन आले. पुस्तकांच्या दोन पेट्या, एक आरामखुर्ची आणि औषधाच्या बाटल्या. गडग्यापलीकडून मी बघत होतो. मास्तर बूट घालतात. घरी आले की पुसून आत फळीवर ठेवतात.

शेवटच्या आगबोटीच्या दिवशी बंदरावर सगळी वाडी होती. मुंबईकर चाकरमानी परत निघालेले, फणस, आंब्याच्या पेट्या, रडणाऱ्या बायका. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि पडाव माणसं भरभरून तिच्याकडे नेत होते. वारा दक्षिणेचा सुटला होता, आभाळ कोपऱ्यात काळं झालं होतं.

बाबलीच्या हातात एक ट्रंक आणि काठी. काठी नवी होती, मीच तासून दिली होती. शिवानं त्याला पडावात उतरवून पुढच्या फळीवर बसवलं. उतरण्याआधी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथं खांदा आहे ना ते बघितलं.

पडाव सुटला आणि हौसाबायनं कमरेवर हात ठेवले.

"काशी. पैज."

"आता ऱ्हवांदे गो," शिवा हळूच म्हणाला.

"ऱ्हवांदे कशाक? हरलो तेना फेडूक व्हयां. चढ त्या पेटीर."

तिनं पदराखालून लाल फडकं काढलं. तुरा म्हणून. ते तिनं घरूनच आणलं होतं. मी आंब्याच्या पेटीवर चढलो, फडकं डोक्याला बांधलं. पोरं धावत आली. चाकरमानी बोटीचं विसरून माझ्याकडे बघायला लागले. रडणाऱ्या बायकांनी रडणं थांबवलं. कचेरीतले तरुण साहेब कुणाला तरी पोचवायला आले होते, तेही थांबले.

मी छाती भरून घेतली आणि आरवलो.

बंदर हसलं. कुणीतरी शीळ घातली. दुसऱ्यांदा आरवलो, तेव्हा पडावातली माणसंही वळून बघायला लागली. बाबली फळीवरून उठून उभा राहिला. शेजारच्यानं त्याला धरलं, तर त्यानं हात झटकला, खाली वाकला आणि चाचपत खलाशाच्या हातातलं वल्हंच काढून घेतलं. पडाव गर्रकन फिरला, माणसं ओरडली.

तिसऱ्यांदा आरवलो. बाबलीनं वल्हं उगारलं. चाळीस वर्षं माझ्या दाराशी उगारायचा तसंच. पण पडाव फिरला होता, वारा आडवा होता, आणि वल्हं उगारलं गेलं ते समुद्रातल्या किल्ल्याकडे. तिथं कोणी नव्हतं.

"फिटली," हौसाबाय म्हणाली. "तीन झाली. उतर आता."

शर्तीत तीनच होती. मी फडकं घट्ट केलं, हात तोंडाशी नेले आणि नरडं फाटेस्तोवर चौथ्यांदा आरवलो.

पडावातलं वल्हं हवेत थांबलं. मग हळूहळू वळत वळत बरोबर माझ्या पेटीच्या दिशेला आलं, आणि तिथं जोरजोरानं हलायला लागलं.